कांद्याच्या कळीतल्या आठ जोड्या

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव रंग, आकार आणि टिकाऊपणा पाहून ठरतो. या गुणांची वाटणी मात्र त्याच्या कितीतरी आधी डोंगळ्यांच्या शेतात होते. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी बियाण्यासाठी निवडलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा मातीत लावतो. थंडी लागली की दांडे, म्हणजेच डोंगळे, वर येतात आणि त्यांच्या टोकाला शेकडो कळ्यांचा गोंडा धरतो. न उमललेल्या कळीच्या परागकोशात तेव्हा अर्धगुणसूत्री विभाजन सुरू असते.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, म्हणजे ८ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र मातृरोपाकडून आलेले, दुसरे परागातून. परागकणात मात्र आठच जायला हवीत. ही वाटणी बिनचूक व्हावी म्हणून आधी प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधावा लागतो. विभाजनाची पहिली, सर्वांत लांबणारी अवस्था याच कामाची.

तिच्या पाच टप्प्यांपैकी पहिल्या, लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रे बारीक धाग्यांसारखी दिसू लागतात. त्यांची प्रत आधीच तयार झालेली असते. या टप्प्यावर पेशी स्वतःच आपला डीएनए ठिकठिकाणी तोडते. तुटलेले टोक दुरुस्तीसाठी जोडीदाराच्या डीएनएतला जुळणारा भाग शोधते आणि त्या शोधातूनच दोघे जवळ येतात. याच सुमारास गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या आवरणाला चिकटून एका बाजूला गोळा होतात, त्यामुळे शोध सोपा होतो. झायगोटीनमध्ये जोड्या जुळू लागतात. पॅकिटीनमध्ये त्या प्रथिनांच्या चौकटीने लांबीभर घट्ट बांधल्या जातात आणि काही तुटलेल्या जागी तुकड्यांची अदलाबदल पुरी होते. डिप्लोटीनमध्ये बांधणी सुटते, पण अदलाबदल झालेल्या जागी जोडीदार एकमेकांत अडकून राहतात. ही अडकण पुढे वाटणी होईपर्यंत जोडी टिकवते. डायकायनेसिसमध्ये गुणसूत्रे आखूड, जाड होतात आणि आठही जोड्या मोजता येतात.

हे पाहायला कांदा उत्तम, कारण त्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे आणि गुणसूत्रे ठसठशीत आहेत. कांद्यावर वर्षानुवर्षे काम केलेले स्वीडनचे आल्बर्ट लेवान हेच १९५६ साली ज्यो हिन त्जिओ यांच्यासह माणसाची गुणसूत्रे ४६ असल्याचे दाखवणारे शास्त्रज्ञ.

चीन-जपानमध्ये पातीसाठी लावल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅलियम फिस्टुलोसम’ या भावंड जातीत अदलाबदल गुणसूत्रबिंदूजवळच (सेंट्रोमिअरजवळच) होते. आपल्या कांद्यात ती इतरत्र पसरलेली असते. ही जागा जनुकांवर अवलंबून असते, हे एम्सवेलर आणि जोन्स या शास्त्रज्ञांनी १९३५ साली दोन्हींच्या संकरातून दाखवले.

आठ जोड्या नुसत्या स्वैरपणे वाटल्या गेल्या तरी २५६ प्रकारचे परागकण बनू शकतात. तुकड्यांच्या अदलाबदलीने ही संख्या मोजण्यापलीकडे जाते. त्यातच मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. म्हणून उळ्याचा, म्हणजे कांद्याच्या बियाण्याचा, प्रत्येक दाणा थोडा वेगळा असतो. याच वेगळेपणातून निवड करत खरिपासाठी ‘एन-५३’ आणि चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा उन्हाळी ‘एन-२-४-१’ हे नाशिकचे वाण घडले.

पण अदलाबदल नवे काही निर्माण करत नाही. जोडीदारांत जो फरक आहे तोच ती नव्याने मांडते. मोजकेच कांदे बियाण्याला ठेवले तर काही पिढ्यांत जोडीदार सारखे होत जातात आणि पिकाचा जोम घटतो. म्हणून डोंगळ्यांसाठी कांदे निवडताना ते उत्तम असावेत, आणि पुष्कळही असावेत.