नवेगावबांधचे जलवैभव

नागपूरहून जंगलदर्शनास निघालेली बहुतेक कुटुंबे ताडोबाकडे वळतात. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधची वाट मात्र शांतच असते. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा विस्तीर्ण तलाव टेकड्यांच्या कुशीत विसावला आहे. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून याच अरण्यात पाखरे न्याहाळली.

हिवाळ्यात दूरदेशीची बदके येथे उतरतात. दुकानापुढे नित्य पारव्यांना ज्वारी घालणाऱ्या श्रावकाचा हात साहजिकच पिशवीकडे जातो. परंतु पाणवनस्पती व किडे हेच या पाखरांचे अन्न. फेकलेल्या फरसाणाने पाणी नासते. येथे हात आवरणे हीच जीवदया, आणि ती दाण्यांहून कठीण!

चौविहार पाळणाऱ्यांनी डबा सोबत घ्यावा. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो.