जखम नसलेले जखमी

युद्धाच्या गोष्टी दुरून ऐकायला गोड लागतात, असे जुने लोक म्हणतात. शाळेत आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करतो. लढाई केव्हा झाली, कोण जिंकले, तह कोठे झाला, एवढे लिहिले की गुण मिळतात. तहानंतर घरी परतलेल्या सैनिकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला १९९१ च्या आखाती युद्धाचा उल्लेख झाला, म्हणून मी त्यासंबंधी वाचू लागलो. वाचता वाचता युद्धापेक्षा युद्धानंतरची हकीकतच मला अधिक विचार करायला लावणारी वाटली. ती येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न करतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत हा शेजारचा लहान पण तेलसंपन्न देश बळकावला. अमेरिकेच्या नेतृत्वाखाली अनेक राष्ट्रांच्या फौजा सौदी अरेबियाच्या वाळवंटात जमल्या. १७ जानेवारी १९९१ ला विमानहल्ले सुरू झाले. २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि २८ फेब्रुवारीला ती थांबलीही. अवघ्या शंभर तासांची ती लढाई. अमेरिकेने या युद्धासाठी सुमारे ६,९७,००० स्त्रीपुरुष सैनिक पाठविले होते. त्यांच्यापैकी प्रत्यक्ष लढाईत मृत्यू पावलेल्यांची संख्या दीडशेच्या आत होती. इराकी बाजूला मात्र हजारो माणसे मेली. तथापि जगाने हे युद्ध दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिले. त्यामुळे हे यंत्रांनी लढलेले आणि फारसे रक्त न सांडलेले युद्ध आहे, असाच बहुतेकांचा समज झाला. सैनिक मिरवणुकीने घरी परतले.

परंतु वर्ष-दोन वर्षांतच यांतले काही सैनिक दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागले. त्यांना गोळी लागली नव्हती की सुरुंगाने पाय गेला नव्हता. पण थकवा असा की झोपून उठले तरी जात नसे. सांधे आणि स्नायू दुखत. डोके दुखे, अंगावर पुरळ उठे, पोट बिघडलेलेच राही. ऐन तिशीतल्या माणसाला वाचलेले लक्षात राहीना, बोलताना साधा शब्द आठवेना. रक्त तपासले, क्ष-किरण चित्रे काढली, तर सर्व काही ठीक. एकेका लक्षणाला औषध होते, पण सगळ्यांना मिळून नाव नव्हते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गल्फ वॉर सिंड्रोम’ म्हणायला सुरुवात केली.

हे कशाने झाले, हे समजण्यासाठी त्या सैनिकाचा वाळवंटातील दिवस डोळ्यांसमोर आणला पाहिजे. त्याला सर्वांत मोठी भीती होती ती विषारी वायूची, आणि ती निराधार नव्हती. इराकने इराणविरुद्धच्या युद्धात रासायनिक अस्त्रे वापरली होती. मार्च १९८८ मध्ये हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडून हजारो नागरिक मारले होते. त्यामुळे या सैनिकाजवळ वायूपासून रक्षण करणारा मुखवटा आणि जाड पोशाख सतत असे. हवेतले विष ओळखणारी यंत्रे पुन्हा पुन्हा भोंगे वाजवीत आणि तो मुखवटा चढवून बसे. थोड्या वेळाने ‘चुकून वाजला’ असे सांगण्यात येई. रोगजंतूंच्या अस्त्रांची भीती म्हणून अनेकांना अँथ्रॅक्सची लस टोचण्यात आली. वाळवंटातल्या माशा आणि डास मारण्यासाठी तंबूंत व कपड्यांवर कीटकनाशके फवारली जात. माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतमधील सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. त्यांच्या धुराने दिवसा अंधार पडे. शेवटची विहीर नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली.

याशिवाय एक छोटी पांढरी गोळी होती. तिचे नाव पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइड. दर आठ तासांनी ३० मिलिग्रॅमची एक गोळी, असा हुकूम होता. सुमारे अडीच लाख सैनिकांनी ती घेतली असावी, असा अंदाज आहे. सोमान नावाच्या विषारी वायूपासून बचाव व्हावा, हा तिचा हेतू. स्नायूंच्या एका आजारावर हे औषध पूर्वीपासून वापरात होते. पण धडधाकट सैनिकांना या कामासाठी ते देणे नवे होते. म्हणून सैनिकाची संमती न घेता ते देण्याची खास सवलत अमेरिकन लष्कराने औषध प्रशासनाकडून मिळवली.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने ते सोप्या भाषेतच सांगतो. आपला मज्जातंतू स्नायूला ‘हल’ असा निरोप देतो, तेव्हा तो ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडतो. निरोप पोचला की हे द्रव्य लगेच नाहीसे व्हावे लागते, नाही तर स्नायू आखडलेलाच राहील. ते नाहीसे करण्याचे काम एक विकर करते. सरीन, सोमान यांसारखे वायू या विकरालाच बांधून टाकतात. मग निरोप थांबतच नाहीत. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला कंप, आणि शेवटी श्वास बंद. पायरिडोस्टिग्मिनची गोळी हेच विकर थोड्या प्रमाणात आणि तात्पुरते बांधून ठेवते, म्हणजे तेवढा भाग तरी विषाच्या हाती लागू नये. आणि ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके किड्याला मारतात तीही हेच विकर बांधून. म्हणजे गोळी, फवारणी आणि शत्रूचा वायू या तिघांचा रोख शरीरातल्या एकाच जागेवर होता. प्रत्येकाचा विचार वेगवेगळा झाला होता. तिन्ही मिळून एका माणसाच्या शरीरात काय करतील, याचा विचार झाला नव्हता.

हे वाचताना मला आमचे शेत आठवले. सैनिकांच्या तंबूंत वापरलेल्या कीटकनाशकांत क्लोरपायरीफॉस होते, आणि हे नाव आपल्याकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ओळखीचे आहे. माझे वडील पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करतात. आम्ही त्याला ‘औषध मारणे’ म्हणतो. विषाला आम्ही औषधच म्हणतो. फवारणीच्या दिवशी त्यांना जेवण जात नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. दवाखान्यात नेले तर ‘ऊन लागले असेल’ असे सांगतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर जे ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात, तेच इंजेक्शन आखातातल्या सैनिकाला स्वतःच्या मांडीत टोचून घेण्यासाठी दिलेले होते. युद्धभूमी आणि शेत यांत फार मोठे अंतर आहे, पण मज्जातंतू दोन्हीकडे सारखाच आहे.

आता पुन्हा इराककडे वळू. लढाई थांबल्यावर ४ मार्च आणि १० मार्च १९९१ रोजी दक्षिण इराकमधील खमिसिया येथील दारूगोळ्याचे कोठार अमेरिकन सैनिकांनी सुरुंग लावून उडवले. त्यांत सरीन वायू भरलेले अग्निबाण होते, हे त्या सैनिकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांना तेथे रासायनिक अग्निबाणांचे अवशेष मिळाले. तरीही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली ती जून १९९६ मध्ये. पुढे सुमारे एक लाख सैनिकांना, ‘तुमचा या विषाशी अल्प प्रमाणात संपर्क आला असण्याची शक्यता आहे’, अशी पत्रे गेली. मधली पाच वर्षे आजारी सैनिक आपल्या आजाराचे कारण शोधत होते.

या काळात त्यांना मिळालेले उत्तर बहुधा एकच होते : मनावरचा ताण. ताणाने माणूस आजारी पडत नाही, असे मला म्हणायचे नाही. मनाची जखम हीही जखमच आहे, आणि तिला मान मिळायलाही फार वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली सैनिक थरथर कापू लागले, त्यांची वाचा गेली. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ या नावाने असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. तरी त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील ३०६ जणांना सरकारने माफी दिली ती २००६ साली, म्हणजे त्यांच्या नातवंडांच्या काळात. तेव्हा मनाच्या जखमेला भित्रेपणा ठरवले गेले. आखाती युद्धानंतर शरीराच्या जखमेला मनाची ठरवले गेले. दोन्ही वेळा तपास करण्याआधीच निकाल लागला होता, आणि तो सैनिकाच्या विरुद्ध होता.

सत्य हळूहळू पुढे आले. १९९४ साली अमेरिकेने कायदा करून, निदान न झालेल्या आजारासाठीही या सैनिकांना भरपाई देण्याची सोय केली. २००८ साली तज्ज्ञांच्या एका शासकीय समितीने, आखातात गेलेल्यांपैकी किमान एक चतुर्थांश सैनिकांना हा आजार आहे, तो खरा आहे, आणि पायरिडोस्टिग्मिनची गोळी व कीटकनाशके यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, असा निष्कर्ष काढला. बरे झालेले त्यांत फारच थोडे होते. २०१० साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या मान्यवर संस्थेनेही हा आजार कोणत्याही ज्ञात मनोविकाराच्या खात्यावर टाकता येत नाही, असे म्हटले. शस्त्रांतल्या युरेनियमवर अनेक वर्षे संशय होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत आजारी आणि निरोगी सैनिकांच्या लघवीतील युरेनियममध्ये फरक आढळला नाही. म्हणजे शोध घेतला तर संशय दूरही होतात.

२०२२ साली डॉ. रॉबर्ट हेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच तंबूत राहिलेल्या दोघांपैकी एक आजारी का पडतो आणि दुसरा का नाही, या कोड्यावर त्याने बराच प्रकाश टाकला. आपल्या शरीरात ‘पॉन-१’ नावाचे एक जनुक असते. त्याचा एक प्रकार सरीनचे विघटन चांगले करतो, दुसरा कमी करतो. हेली यांनी ५०८ आजारी आणि ५०८ निरोगी सैनिक निवडले आणि विषारी वायूचे भोंगे ऐकू आले होते काय, हे विचारले. विघटन चांगले करणारे जनुक असलेल्यांत भोंगे ऐकलेल्यांना आजाराची शक्यता सुमारे पावणेचार पट आढळली. दुबळे जनुक आईवडील दोघांकडूनही आलेल्यांत ती सुमारे नऊ पट होती. अर्थात भोंगा ऐकणे म्हणजे विष श्वासात जाणे नव्हे, आणि एका अभ्यासाने सर्व वाद मिटत नाहीत. तरीसुद्धा ‘चुकून वाजला’ म्हणून ज्यांना गप्प बसवले, त्यांच्या त्या भोंग्यांच्या आठवणी एकतीस वर्षांनी शास्त्राच्या कामी आल्या, ही गोष्ट लहान नाही.

या आजाराला मुळापासून बरे करणारा उपचार अजून नाही. वेदना, झोप, थकवा यांवर वेगवेगळे उपाय करीत दिवस काढावे लागतात. बहुतेक संशोधन झाले आहे तेही अमेरिका आणि ब्रिटन या जेत्या राष्ट्रांच्या सैनिकांवर. त्याच वाळूत, त्याच धुराखाली बसलेल्या इराकी शिपायाच्या वाट्याला ना एवढ्या समित्या आल्या, ना एवढे कायदे.

गेल्या सुट्टीत मी ही सगळी हकीकत वडिलांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “म्हणजे तिकडं विचारायला तरी कोणी आलं.” मला त्यावर उत्तर सुचले नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. नवे औषध शोधणे आपल्या हाती नाही. पण आपल्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी तहसील कचेरीत बसेल, कोणी वर्तमानपत्रात लिहील. एखादा माणूस समोर येऊन ‘मला त्रास होतो’ असे सांगेल आणि कागदावर मात्र सर्व काही ठीक असेल. अशा वेळी त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याची घाई न करता ते तारीखवार लिहून ठेवणे, एवढे आपल्याला नक्कीच जमेल. आखातातल्या सैनिकांना न्याय मिळण्याची सुरुवात झाली ती अशाच लिहून ठेवलेल्या तक्रारींपासून.