ब्लाऊज बेतता येतो? मग जहाजही बेतता येईल!

‘नगरला समुद्र कुठे आहे?’ कागदाचं किंवा लाकडाचं छोटं जहाज घरी करून पाहा म्हटलं, की पहिला प्रश्न हा येतो. दुसरा येतो, ‘हे तर पुरुषांचं काम!’ आणि तिसरा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही, पण तो घरभर ऐकू येतो, ‘त्याचा उपयोग काय?’ तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. एकेक करून पाहू या.

नगरचंही बंदर होतं

जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं असलं, तरी बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. या नगरला एके काळी स्वतःचं बंदर होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. निजामशाहीची राजधानी इथे, आणि तिचं बंदर कोकणात चौलला. सोळाव्या शतकात अरबस्तानातले घोडे जहाजातून चौलला उतरत आणि घाट चढून वर येत. जंजिऱ्याचे सिद्दीसुद्धा आधी या निजामशाहीचेच चाकर. म्हणजे भुईकोट किल्ल्यात बसून समुद्राचा विचार करणारी माणसं या गावात होऊन गेली.

आणि समुद्र नसला म्हणून काय झालं? जहाजाचे सर्वांत नाजूक नमुने समुद्रापासून दूर, बंद भिंतींच्या आड तयार झाले आहेत. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत पकडलेल्या फ्रेंच सैनिकांना इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉस इथल्या छावणीत वर्षानुवर्षं ठेवलं होतं. जेवणातली उरलेली हाडं घासून, कापून त्यांनी इवल्याशा तोफांसकट जहाजं केली. दोऱ्यांसाठी काहींनी डोक्याचे केस वापरले. ती जहाजं बाजारात विकून त्यांना चार पैसे मिळत. हाताला काम मिळालं की भिंती थोड्या लांब सरकतात, एवढं खरं.

पुरुषांचं काम?

आता दुसरा प्रश्न. जहाजाचं अंग कसं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, खालून गोल. सपाट कागद एका दिशेनं सहज वाकतो, पण त्याच वेळी दुसऱ्या दिशेनं वाकवायला गेलं की सुरकुत्या पडतात. मग काय करायचं? ब्लाऊजला काय करतो आपण? टक्स घेतो! जहाजाच्या कागदी नमुन्यात कडेला ज्या त्रिकोणी खाचा असतात, त्या म्हणजे टक्सच. कडा जुळवून चिकटवल्या की सपाट कागदाला पोट येतं.

लाकडी जहाजाचंही तेच. त्याच्या पट्ट्या सरळसोट नसतात. मध्ये रुंद, टोकांना अरुंद, कलिंगडाच्या फोडीच्या सालीसारख्या. सहा कळ्यांचा परकर जिनं बेतला आहे, तिला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

आणि खरीखुरी जहाजंसुद्धा शिवलेली असत, बरं का! आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत एका जहाजाचं चित्र आहे. पाचव्या शतकातल्या त्या चित्रावरून गोव्यात एक लाकडी जहाज बांधलं गेलं. त्यात फळ्यांना खिळे मारले नाहीत, काथ्याच्या दोरीनं टाके घालून फळीला फळी शिवली. केरळचे कारागीर त्यासाठी आले होते. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव ‘कौंडिण्य’. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोहोचलं. अशा जहाजाचे जुने आराखडे उरलेले नव्हते, म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.त आधी त्याच्या प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. भारी कापडाला कात्री लावण्याआधी आपण जुन्या कापडावर बेतून पाहतो, तसंच हे.

पहिलं जहाज कागदाचं

पहिल्याच झटक्याला तीन डोलकाठ्यांचं गलबत करायला जाऊ नका. एका डोलकाठीची शिडाची नौका निवडा. ‘तारिणी’ घ्या ना! गोव्यात बांधलेली ही नौदलाची नौका ५६ फुटांची, म्हणजे सुमारे १७ मीटर लांब आहे. तिच्यातून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तिच्यातून जगाला फेरी मारली. १:५० हे प्रमाण धरलं, तर आपली तारिणी ३४ सेंटिमीटरची होते. शोकेसच्या फळीवर मावेल एवढी.

साहित्य घरचंच. जाड लग्नपत्रिका उत्तम, दर मोसमात ढीग साठतो. जोडीला ड्रॉइंगचा कागद, फेविकॉल, पट्टी, पेन्सिल, धारदार कात्री आणि कापायचा चाकू.

नौकेचा बाजूनं घेतलेला फोटो पाहून तिचा उभा आकार पुठ्ठ्यावर काढून कापा. हा झाला कणा. मग आडव्या सात-आठ फासळ्या कापा. मधली सर्वांत रुंद, टोकांकडच्या लहान होत जाणाऱ्या. कण्याला वरून निम्म्यापर्यंत खाच, फासळीला खालून निम्म्यापर्यंत खाच, आणि एकीत एक बसवा. वर सपाट पुठ्ठ्याचा डेक चिकटवला की सांगाडा घट्ट होतो.

आता अंगावरचा कागद. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेतून पाहा. डावी-उजवी बाजू वेगळी कापा. कडेला अर्धा सेंटिमीटर माया ठेवायला विसरू नका, आणि वळणावर त्या मायेला कातरे द्या, गोल गळ्याला आतून देतो तसे. नाहीतर कागद ताणला जाऊन चुण्या पडतात. चिकटवताना कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. घाई करू नका, एक बाजू पूर्ण वाळल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

खळ वापरणार असाल तर एक सूचना. मैद्याच्या खळीला झुरळं आणि कसर लागते. पूर्वी त्यासाठी खळीत मोरचूद घालत, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात त्या वाटेला न जाता फेविकॉलच बरा.

हात बसला की लाकूड

लाकडासाठी सुतार शोधायला नको. फासळ्या पातळ प्लायच्या, आणि पट्ट्यांसाठी बुरुडाकडून कांबीच्या पातळ चिपा आणा. आइस्क्रीमच्या काड्याही चालतात. पट्टी गरम पाण्यात अर्धा तास भिजवली की वळते. वळवून, चिमट्यानं धरून रात्रभर वाळू द्या आणि मगच चिकटवा.

एक नियम मात्र पाळायचा. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. एकाच बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावल्या, तर कणा ओढला जाऊन वाकतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. शेवटी पॉलिशपेपर आधी जाड, मग बारीक. घासताना नाकाला रुमाल बांधा.

हात चांगला बसला, की मराठ्यांच्या आरमारातली जहाजं खुणावू लागतात. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि सखल, त्यावरून तोफा समोर डागता येत. गलबत लहान, फार तर ७० टनांचं, पण ४०-५० वल्ह्यांनी मारलेलं, म्हणून वारा पडला तरी चालणारं. कान्होजी आंग्र्यांच्या जहाजांची धास्ती परक्यांना का वाटे, ते ही दोन जहाजं शेजारी ठेवली की मुलांना न सांगता कळतं.

शीड आणि दोर

इथे तर आपलंच राज्य! शिडासाठी जुन्या मलमलीचा तुकडा कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, छान मळकट बदामी रंग येतो. शीड सरळ कापडात कापा. मोकळी कड उरेब आली तर ती ताणून लोंबते. हेम अगदी बारीक. दोरांसाठी शिवणाचा दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे त्याची लव बसते आणि त्यावर धूळ कमी धरते. डोलकाठीला खराट्याची जाड काडी किंवा तासलेली कांब.

नौका पाण्यात सोडायची हौस असेल तर तिला बाहेरून वॉर्निशचे दोन हात द्या आणि तळाशी दोन-तीन नाणी चिकटवा. वजन जितकं खाली, तितकी नौका सरळ. चाचणी घंगाळात घ्यावी. मुळा धरणावर किंवा भंडारदऱ्याला सहलीला गेलात तर नौका बरोबर न्या, पण मुलांना काठावर एकटं सोडू नका. खोल पाण्याकडे गंमत म्हणून पाहायचं नाही.

आणि उपयोग काय?

आता तिसरा प्रश्न. विणकाम केलं तर स्वेटर होतो, लोणचं घातलं तर बरणी भरते. बाईच्या छंदातून काहीतरी निघालंच पाहिजे, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे. यजमानांनी तिकिटं जमवली किंवा तासन् तास क्रिकेट पाहिलं, तर ‘उपयोग काय’ असं कुणी विचारत नाही. दमलेल्या माणसाचा विरंगुळा म्हणतात त्याला. मग दमलेल्या बाईचा विरंगुळा घालण्याजोगा किंवा खाण्याजोगाच का असावा?

जहाज ना घालता येत, ना खाता येत. त्याला जागा मात्र लागते, आणि खरी गोष्ट इथेच आहे. अर्धवट जहाज रोज उचलून ठेवता येत नाही. फासळी वाळत असते, दोर ताणून बांधलेला असतो. घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. देवाला देव्हारा, मुलांच्या दप्तरांना खुंटी, यजमानांच्या दाढीच्या सामानाला आरशाखालची फळी. आपलं असं काय असतं, जिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही? स्वयंपाकघर आपलं म्हणतात खरं, पण ते सगळ्यांचं असतं.

दोन खोल्यांच्या घरात वेगळं टेबल कुठून आणायचं, हा प्रश्न रास्तच आहे. त्यावर तोड अशी, की एका जुन्या पाटावर किंवा ड्रॉइंग बोर्डावरच जहाज बांधायचं. काम थांबलं की पाटासकट उचलून कॉटखाली सरकवायचं. वरून जुनी ओढणी टाकली की धूळही बसत नाही. पण घरातल्यांना सांगून ठेवायचं, ‘या पाटाला हात लावायचा नाही.’ सासूबाईंना, यजमानांना, मुलांना, सगळ्यांना. रागानं नको, हसूनच सांगा, पण एकदा स्पष्ट सांगा. पाटभर जागा आणि दुपारचा तासभर. मागणं काही फार मोठं नाही. पण मागितल्याशिवाय ते मिळत नाही, आणि एकदा मिळालं की घरातल्यांनाही त्याची सवय होते.

तयार जहाज उन्हात आणि चुलीजवळ ठेवू नका, रंग उडतो आणि जोड सुटतात. पुसायला फडकं नको, दोर अडकतो. मऊ ब्रशनं झटकावं. आणि पाहुण्यांनी विचारलं, ‘हे कुणी केलं हो?’ तर ‘सहज आपला वेळ जात नव्हता म्हणून’ असं मुळीच म्हणू नका. ‘मी केलं,’ एवढंच सांगा.