सार्वभौम सत्ता आणि शोकाकुलांचा दावा
एका राष्ट्राने दुसऱ्यास आपल्या न्यायासनापुढे खेचू नये, हा जुना दंडक. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात अमेरिकेत सुमारे ३,००० माणसे मृत्युमुखी पडली. १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी होते. मृतांच्या आप्तांना परकीय सरकारवर दावा लावता यावा, असा कायदा अमेरिकी काँग्रेसने २०१६ मध्ये संमत केला. त्यात सौदी अरेबियाचे नाव नव्हते. रोख मात्र उघड होता. उद्या आपल्याच सैनिकांवर परदेशांत दावे होतील, म्हणून अध्यक्ष ओबामांनी नकाराधिकार वापरला. सेनेटने तो ९७ विरुद्ध १, तर प्रतिनिधिगृहाने ३४८ विरुद्ध ७७ मतांनी झुगारला. आणि लागलीच २८ सेनेटरांनी परिणामांविषयी चिंता व्यक्त करणारे पत्र लिहिले. शोकाकुलांना न्याय हवाच; परंतु एकाने उघडलेले दार दुसऱ्यासही मोकळे असते.