विमान सोलापुरात, प्रवासी धाराशिवात

धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून कुणी मुंबईला जात नाही. २००९ मध्ये राज्याने लातूर, नांदेड, यवतमाळ, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद असे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. तरीही नियमित प्रवासी सेवा धाराशिवपर्यंत पोहोचली नाही.

एक अडचण धावपट्टीचीच आहे. तिची लांबी बाराशे मीटरच्या आसपास. सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानाला पूर्ण भारानिशी उडायचे तर समुद्रसपाटीवरही तेराशे मीटर लागतात. धाराशिव साडेसहाशे मीटर उंचीवर, त्यात मे महिन्याचे ऊन. उंचीवरची तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि धाव आणखी लांबते. निम्मे प्रवासी घेऊन उडावे, तर खर्च निघत नाही.

स्वस्त तिकिटाचे गणित इथेच अडते. इंधन, वैमानिकांचे पगार, विमानाचे भाडे हा खर्च विमान भरले काय नि रिकामे गेले काय, जवळपास तेवढाच. मोठ्या विमानात तो १८० जणांत वाटला जातो, लहान विमानात सत्तर जणांत. खर्च आणि स्वस्त भाडे यांतली तूट भरण्यासाठी २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे अडीच हजारांवर बांधले गेले आणि कंपनीला तीन वर्षे सरकारी मदत ठरली. २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, तेव्हा मराठवाड्याला हुरूप आला. पण ती चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. अनुदानाने विमान सुरू होते. ते टिकते मात्र प्रवाशांवर.

म्हणूनच धाराशिवकरांसाठी सोलापूर महत्त्वाचे. विमानांच्या वाटेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले आणि ऑक्टोबरात मुंबईचे. हा विमानतळ धाराशिवपासून सत्तरेक किलोमीटरवर, तुळजापूरहून त्याहूनही जवळ. पण तिकीट स्वस्त मिळूनही खासगी गाडीला दोन-अडीच हजार मोजावे लागले, तर रात्रीची लातूर-मुंबई एक्स्प्रेसच बरी वाटणार.

सोलापूरहून मुंबईमार्गे परदेशी निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आखातात नोकरीला किंवा युरोपात शिकायला जाताना शक्य असेल तर पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटे थोडी स्वस्त पडतात, पण विमान चुकले की दुसऱ्याचे पैसे बुडतात आणि नवे तिकीट ऐन वेळच्या चढ्या दराने घ्यावे लागते.

प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा, ही मागणी ऐकायला गोड आहे. पण धाराशिवची आजची गरज वेगळी आहे. विमानाच्या वेळा पाहून धाराशिव-तुळजापूर-सोलापूर विमानतळ अशी एसटी सोडावी. लोकप्रतिनिधींनी आधी हा आग्रह धरावा. विमानापेक्षा त्या बसला खर्च कितीतरी कमी येईल आणि सोलापूरच्या विमानांना टिकण्यासाठी लागणारे प्रवासीही तीच आणून देईल.