दाणे टाकते आजी, गच्ची झाडते मी

खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतराने दोन अंडी घातली, की तुम्ही काय करता? फोटो काढून स्टेटसला ठेवता. मीही ठेवला होता.

शिरढोणच्या आमच्या घरी आजी रोज सकाळी गच्चीवर तांदूळ टाकते. आधी सात-आठ कबुतरं यायची, आता पन्नासेक येतात. गच्ची झाडायचं काम अर्थात माझं. सुकलेली विष्ठा खराट्याने झाडली, की पांढरी धूळ थेट नाकात. शिंका येतात, बाकी काय होतंय, असंच मला वाटायचं.

पण या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काहींना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होतो. हा एकापासून दुसऱ्याला होत नाही. ती फुफ्फुसांची ॲलर्जी आहे. कोरडा खोकला, जिना चढताना धाप. आपण म्हणतो, हवा बदललीय! वेळेत कळलं आणि कबुतरांपासून लांब राहिलं, तर बरं वाटतं. फुफ्फुसात व्रण पडले, की मात्र ते भरून येत नाहीत. सगळ्यांना होतो असं नाही. पण कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

दादरचा कबुतरखाना आठवतोय ना? जुलै २०२५ मध्ये सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरवलं. दादरला ताडपत्री टाकली, ती ६ ऑगस्टला आंदोलकांनी फाडली. हायकोर्टाच्या आदेशात हस्तक्षेप करायला सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्टला नकार दिला. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला आरोग्य. बघता बघता भांडण धर्माचं आणि भाषेचं झालं. खोकणारा माणूस राहिला बाजूला. आणि दाणे काय फक्त जैनच टाकतात? आमची आजी कुठे जैन आहे?

तिला म्हटलं, “आजी, जवळच कर्नाळ्याचं अभयारण्य आहे, तिथल्या पाखरांना कोण दाणे टाकतं?”

“अगं, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू?”

यावर काय बोलणार! सध्या तह झालाय. मूठ निम्मी झालीय. मी मास्क लावते आणि आधी पाणी मारून मगच गच्ची साफ करते. तुम्हीही सुकी विष्ठा झाडू नका.

आजीचा खोकला मात्र तीन आठवडे झाले तरी थांबत नाहीये. शनिवारी तिला पनवेलला डॉक्टरांकडे नेतेय. कबुतरांचं त्यांना आधी सांगणार आहे. कारण ती स्वतःहून सांगणार नाही.