मटण मऊ होते म्हणजे नेमके काय होते?



दसऱ्याला आपल्यातील अनेक घरांत मटण शिजते. एका दसऱ्याला आमच्याकडे पाहुणे पानावर बसले आणि मटण मात्र रबरासारखे! पुढच्या खेपेस चूक नको म्हणून वाटीभर कच्ची पपई वाटून रात्रभर लावून ठेवली, तर शिजल्यावर लगदा झाला. या दोन फजित्यांतून जे कळले ते येथे सांगतो. ज्या घरांत सामिष शिजत नाही त्यांनीही वाचावे. शेवटचा प्रयोग त्यांच्यासाठीच आहे.

बकऱ्याची मान, खांदा आणि पाय सतत काम करीत असतात. तेथे स्नायूंचे तंतू बांधून ठेवणारे संयोजी ऊतक जास्त असते. त्यात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. वय वाढते तसे त्याचे धागे अधिक घट्ट जोडले जातात. म्हणून जून बकऱ्याचे मटण चिवट लागते.

उष्णता येथे दोन उलट कामे करते. स्नायूंचे तंतू आक्रसतात, पाणी बाहेर पडते आणि मांस कडक होते. कोलॅजेन मात्र पाणी आणि वेळ मिळाला, की सुमारे ७० अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते. पायांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तो या जिलेटिनमुळेच. म्हणून रश्श्यातले मटण कडक लागले, तर ते बहुधा जास्त नव्हे, कमी शिजलेले असते. गॅस बंद करू नये. गरम पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर आणखी शिजवावे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात.

कच्च्या पपईची गोष्ट वेगळी. तिच्या चिकात पपेन नावाचे एन्झाइम असते. ते प्रथिनांचे तुकडे करते; ६०-७० अंशांना त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि उकळल्यावर ते निकामी होते. पण ते कोलॅजेनवर थांबत नाही, तंतूही तोडते. म्हणून किलोभर मटणाला सालासकट वाटलेली पपई दोन चमचे आणि तास-दोन तास पुरे. तेवढा वेळ मटण फ्रिजमध्येच ठेवावे. दही सौम्य असते, पण त्याचा परिणाम मुख्यतः वरच्या थरावरच होतो.

आता प्रयोग. दोन कपांत कोमट दूध घ्या. एकात कच्च्या पपईचा किसून पिळलेला रस चमचाभर घाला. थोड्या वेळाने दोन्ही कप ताडून पाहा. रस घातलेले दूध फाटलेले दिसेल. दुधातील प्रथिनांवर पपेनने केलेले हे काम आहे. चिकाने हाताची आग होते, म्हणून पपई मोठ्यांकडूनच चिरून घ्या आणि ते दूध पिऊ नका.

स्वयंपाकघर हीसुद्धा एक प्रयोगशाळाच आहे. तेथे घाईपेक्षा कारण समजून घेणे अधिक उपयोगी पडते.